मिठागराच्या वाटेवर सायकल

फाल्गुन लागला की मुर्ध्याची खाजणाकडची माती वाळते, आणि माझी माउंटन बाइक डांबर सोडते. जाड टायरातली हवा थोडी कमी करावी. जमिनीला टेकणारा भाग वाढतो, भुसभुशीत मातीत चाक रुतत नाही. याच दिवसांत मिठागरं जोरात असतात. उधाणाचं पाणी आत घेतात, उन्हात आटवतात. लिटरभर समुद्रजलात साधारण 35 ग्रॅम क्षार! कडेला तिवरं, उथळ पाण्यात लांब पायांचे शेकाटे. तिथे मी उतरतेच. पुढे राई, मोर्वा, डोंगरी आणि चौकचा चढ. वरचा धारावी किल्ला मराठ्यांनी 1739 च्या वसई मोहिमेत घेतला. घरी आल्यावर साखळी गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून तेल द्यावं. खारा चिखल लोखंड खातो.