धूर नाही म्हणून धोका नाही?

लोणावळ्यात वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अंदर मावळ, पवन मावळातल्या गावांत पावसाच्या दिवसांत चुलीवर केवळ भाकरी होत नाही. ओले कपडे तिच्यावर वाळतात, माळ्यावरचं सरपण तिच्या उबेनं सुकतं, म्हातारी माणसं तिला धरून बसतात. म्हणून धुराचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं, "आमची हयात धुरात गेली, काय झालं?"

झालेलं असतं, पण त्याला आपण 'दमा' किंवा 'वय झालं' म्हणतो. फुफ्फुसांचा सीओपीडी हा आजार विडी-सिगारेटवाल्यांचाच, असं अजूनही मानलं जातं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेला लेख होता तो धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवरच, आणि चुलीचा धूर हे त्यातलं एक मोठं कारण. या आजारात अरुंद झालेल्या श्वासनलिका पुन्हा पूर्ववत होत नाहीत. डोळे चुरचुरायचे थांबले, म्हणजे छातीलाही सवय झाली असं नव्हे.

लाकूड आणि गोवऱ्या नैसर्गिक, मग धूर विषारी कसा, असंही विचारतात. ज्वलन अर्धवट झालं की लाकडातूनच बेंझीन, फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. पावसात भिजलेलं सरपण आणखी वाईट. आधी त्यातलं पाणी उडवण्यात उष्णता खर्च होते, आच मंद राहते आणि धूर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० मध्ये जगात ३२ लाख मृत्यू झाले, त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजार मुलं होती.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बाळंतिणीच्या खोलीची. खिडकी बंद, फटीत फडकी कोंबलेली, बाजेखाली शेगडी आणि वर ओवा-शेपांची धुरी. धुरीनं बाळ निरोगी राहतं, ही समजूत मायेपोटीच आहे. पण नवजात बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा कितीतरी भरभर चालतो आणि वजनाच्या मानानं ते जास्त हवा आत घेतं. ऊब हवीच, ती आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून, वर पांघरूण घालून आणि डोक्याला टोपडं बांधून मिळते.

शेगडीतला निखारा लाल झाला, धूर सरला, की घरचे निर्धास्त होतात. नेमका तोच निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. पवना धरणाच्या काठी तंबूत मुक्कामाला येणाऱ्यांनी हे खास ध्यानात ठेवावं. बार्बेक्यूची विझत आलेली शेगडी थंडीत तंबूत ओढून झोपणं जिवावर बेतू शकतं.

गॅस आला म्हणजे प्रश्न मिटला, हेही पुरतं खरं नाही. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरात आला, तरी अंघोळीचं पाणी बऱ्याच घरी अजून लाकडावरच तापतं. ती चूल निदान पडवीबाहेर, वाऱ्यावर न्यावी.

बंद खोलीत शेगडी असताना डोकं ठणकलं, मळमळलं, घरातल्या दोघा-तिघांना एकदम गरगरलं, तर सगळ्यांना आधी उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत त्याचा आकडा ठीकच दिसू शकतो. डॉक्टरांना शेगडीचं आवर्जून सांगा.