फिरत्या घरातील दूरचित्रवाणी

मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे तेच कार्यक्रम पुण्यातही दिसू लागले. त्या काळी ज्यांच्या घरी संच होता, त्यांना गच्चीवरचा तो संवाद अजून आठवत असेल. एकजण गच्चीत अँटेनाचा दांडा धरून उभा, दुसरा जिन्यात, तिसरा संचासमोर. "आलं का?" "नाही, मुंग्या आहेत!" "आता?" "आलं, आलं... गेलं! होतं तिथंच ठेव!" एकदा दिशा सापडली की दांडा तारेने आवळून टाकावयाचा, मग एखादा कावळा त्यावर येऊन बसेपर्यंत तिकडे पाहण्याचे कारण नसे. घर जागचे हलत नाही आणि सिंहगड तर हलतच नाही. खटाटोप एकदाच.

आता अशी कल्पना करा, की घरच रोज संध्याकाळी नव्या गावी जाऊन उभे राहते. ब्रिटनमध्ये अशी घरे रस्तोरस्ती दिसतात. मोठ्या टेम्पोएवढी मोटार. तिच्यातच बिछाना, शेगडी, मोरी आणि भिंतीवर एक लहानसा संच. निवृत्त झालेली जोडपी महिना महिना त्यातून हिंडतात. आपण विंचवाचे बिऱ्हाड म्हणतो ते हेच. फरक एवढाच, की या विंचवाला रात्रीच्या बातम्याही पाहावयाच्या असतात.

त्याच्यापुढे मार्ग दोन. पहिला आपल्या गच्चीवरचाच. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरी मोटारीच्या टपावरील अँटेनाने पकडावयाच्या. येथे दिशेखेरीज आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. लहरींचे कंपन आडवे असते किंवा उभे. ब्रिटनमधील मोठे मनोरे बहुधा आडव्या कंपनाचे आणि डोंगराळ भागातील छोटी पुनःप्रक्षेपण केंद्रे बहुधा उभ्या कंपनाची. म्हणून काल आडवी ठेवलेली अँटेना आज उभी करावी लागते. शिवाय तेथील जुनी पद्धत २०१२ च्या ऑक्टोबरात पूर्णपणे बंद होऊन सर्वत्र डिजिटल प्रक्षेपण आले. डिजिटल चित्रात मुंग्या येत नाहीत. चित्र येते ते स्वच्छ, नाहीतर त्याचे चौकोनी तुकडे होतात आणि पडदा काळा पडतो. यात एक तोटा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. मुंग्या कमी-जास्त होत असत म्हणून आपण योग्य बाजूला चाललो आहोत की नाही, हे कळे. काळा पडदा काहीच सांगत नाही.

दुसरा मार्ग उपग्रहाचा, आणि खरी गंमत त्यातच आहे. १९६२ च्या जुलैत टेलस्टार हा उपग्रह आकाशात गेला आणि अमेरिकेतील चित्र प्रथमच अटलांटिक ओलांडून युरोपात दिसले. हा उपग्रह सुमारे अडीच तासांत पृथ्वीला फेरी घाली, आणि दोन्ही किनाऱ्यांना एकाच वेळी दिसे तो जेमतेम वीस मिनिटे. कॉर्नवॉलमधील गूनहिली येथे त्याच्यासाठी २६ मीटर व्यासाची, अकराशे टनांच्या घरातली छत्री उभारली होती आणि ती यंत्रांनी फिरवून पळत्या उपग्रहाचा पाठलाग करावा लागे. पहिल्या रात्री तेथे चित्र धड आलेच नाही. कंपनाची फिरकी कोणत्या बाजूची मानावयाची, याबद्दलच्या व्याख्येचा घोटाळा होऊन एक लहानसा भाग उलटा बसला होता. फ्रेंचांना मात्र त्याच रात्री चांगले चित्र मिळाले! तेव्हा कोणा प्रवाशाने आपली अँटेना आडवीऐवजी उभी धरली, तर त्याला फार हसू नये.

आजचे प्रक्षेपणाचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर असतात. तेथे त्यांची फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीबरोबरच पुरी होते, म्हणून आपल्याला ते एका जागी खिळल्यासारखे भासतात. टेलस्टारच्या वेळी घर स्थिर होते आणि तारा पळत होता. फिरत्या घराच्या बाबतीत तारा स्थिर आहे आणि घर पळते. पाठलाग तोच.

हा पाठलाग किती नेमका हवा? या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. साठ सेंटिमीटरच्या छत्रीचा 'डोळा' त्यामुळे सुमारे तीन अंशच रुंद असतो. एक-दीड अंश चुकला की चित्र गेलेच. मोटार उताराला दोन अंश कलली आणि छत्री टपावर पक्की असली, तर तेवढ्यानेही काम बिघडते. म्हणून पुष्कळ लोक चाकांखाली पाचरी घालून गाडी आधी समतल करतात. उपग्रह स्वतःच शोधणाऱ्या, मोटरवर फिरणाऱ्या छत्र्याही मिळतात. ज्यांना परवडतात त्यांनी जरूर घ्याव्यात. पण त्यांनाही झाडाच्या पलीकडचे दिसत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १४ जुलै २०१९ रोजी मी पुतण्याच्या कुटुंबाबरोबर स्कॉटलंडच्या उत्तर भागात, इन्व्हरनेसजवळ, भाड्याच्या अशाच एका गाडीत होतो. लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना. भारत उपान्त्य फेरीतच बाद झाल्याने आमचा उत्साह निम्मा होता. पण इतक्या वर्षांनी इंग्लंडमध्ये क्रिकेट पुन्हा विनामूल्य वाहिनीवर दिसणार होते, आणि पुतण्याची मुले हट्टाला पेटली होती. सावली पाहून गाडी पाइन वृक्षांखाली लावली, तीच पहिली चूक. ब्रिटनच्या वाहिन्यांचे उपग्रह २८.२ अंश पूर्वेला आहेत. लंडनहून ते आग्नेयेकडे क्षितिजापासून पंचवीस अंश उंचीवर असतात. इन्व्हरनेसहून पाहता अवघ्या एकोणीस. एवढ्या तिरक्या वाटेत झाडे येणारच, आणि अडीच सेंटिमीटरच्या लहरीला ओले पान म्हणजे भिंतच.

शेजारच्या गाडीतील एक म्हातारे इंग्रज गृहस्थ आमची धडपड बराच वेळ पाहत होते. शेवटी ते होकायंत्र घेऊन आले. छत्री टपावरून काढून तिपाईवर मांडा, मोकळ्या उन्हात. गाडी राहू द्या सावलीत, हा त्यांचा पहिला सल्ला. वाऱ्याने तिपाई पडू नये म्हणून त्यांनी पाण्याचा भरलेला कॅन तिला टांगला. मग त्यांनी छत्री चक्क खाली वाकवली. पुतण्या म्हणाला, ही तर जमिनीकडे पाहते आहे! पण या छत्र्यांचा आकार मुद्दाम तिरपा असतो. त्या सरळ उभ्या दिसतात तेव्हाच वीस-पंचवीस अंश वर पाहत असतात. एकोणीस अंशांसाठी किंचित खाली वाकणेच बरोबर. छत्रीसमोरच्या दांडीवरची एलएनबीही थोडी पिळावी लागली, कारण उपग्रह दक्षिणेच्या एका बाजूला असल्याने त्याचे आडवे आपल्या आडव्याशी जुळत नाही.

यानंतर छत्री अगदी सावकाश फिरवावयाची, केसाकेसाने. एकदा संचावरची शक्तीची रेघ भराभर वाढली आणि आम्ही टाळ्या पिटल्या. पण गुणवत्तेची रेघ शून्यावरच. म्हाताऱ्यांनी मान हलवली. दक्षिणेच्या बाजूला १९.२ अंशांवर दुसरे उपग्रह आहेत, त्यांवर बहुतेक जर्मन वाहिन्या. शक्ती म्हणजे काहीतरी ऐकू येते आहे. गुणवत्ता म्हणजे हवे तेच ऐकू येते आहे. आम्ही चुकून भलत्याच देवळात घंटा वाजवीत होतो. छत्री नऊ-दहा अंश पूर्वेकडे सरकवताच चित्र आले.

विजेची चिंता वाटते तितकी नसते. बारा व्होल्टवर चालणारा छोटा संच तीस वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे अडीच अँपियर. चार तासांत दहा अँपियर-तास. घरासाठी गाडीत वेगळी बॅटरी असते, तिला हे सहज झेपते. इंजिनाच्या बॅटरीवर मात्र संच लावू नये. सकाळी गाडी ढकलावी लागेल.

नेमकेपणाला एक मर्यादाही आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत बीबीसीसह पुष्कळ ब्रिटिश वाहिन्या ॲस्ट्रा २ई या नव्या उपग्रहावर गेल्या. कार्यक्रमांचे हक्क देशापुरते असतात म्हणून त्याचा झोतही ब्रिटिश बेटांपुरता आवळलेला. दक्षिण स्पेनमध्ये हिवाळा काढणाऱ्यांच्या छत्र्या तसूभरही हलल्या नव्हत्या, तरी पडदे काळे पडले.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आखले, तेव्हा हा प्रश्न आपल्याही दारी येणार. सुदैवाने आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला; मुंबईहून तो सुमारे सत्तावन्न अंश उंच दिसतो. झाडे व शेजारच्या गाड्या मध्ये येण्याचा धोका त्यामुळे पुष्कळ कमी. त्रास पावसाचा, कोकणात आषाढी सर कोसळू लागली की याच आखूड लहरी वाटेत विरतात, आणि सर ओसरेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो.

शेजारच्या गाडीचा उल्लेख मी सहज केलेला नाही. सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हर सुरू झाली, आणि न्यूझीलंडला थोड्याच धावा हव्या असताना पडद्याचे चौकोन होऊन तो काळा पडला. बाहेर पाहतो तो एक नवी मोठी मोटार आमच्या तिपाईपुढे चार पावलांवर येऊन थांबलेली. एकोणीस अंशांच्या हिशोबाने तीन मीटर उंचीची गाडी सहा मीटरच्या आत उभी राहिली, की आकाश बंद! त्यांना तरी काय सांगणार? पुतण्याने तिपाई उचलून बाजूला नेली, म्हाताऱ्यांनी होकायंत्र धरले, मी दारात उभा राहून ओरडत होतो, "आलं! आलं! हलवू नकोस!" शेवटचा चेंडू टाकावयास गोलंदाज धावू लागला आणि तेवढ्यात म्हाताऱ्यांच्या गाडीतून त्यांच्या पत्नीची आरोळी ऐकू आली. त्या रेडिओ ऐकत होत्या. उपग्रहापर्यंत जाऊन परत येण्यास चित्राला पाव सेकंद लागतो, आणि ते आवळून-उलगडून दाखवण्यात आणखी काही सेकंद जातात. आमच्या पडद्यावर गप्टिल अजून दुसऱ्या धावेसाठी वळलाही नव्हता.