जिज्ञासाधिष्ठित समाज-अभ्यास आणि परीक्षेचा प्रश्न

समाज-अभ्यासाच्या अध्यापनात जिज्ञासेला अग्रस्थान असावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. अडचण उद्भवते ती परीक्षेपाशी. मध्य प्रदेशातील 'एकलव्य' संस्थेने १९८६ पासून नऊ शासकीय शाळांत इयत्ता ६ वी ते ८ वीसाठी जो अभ्यासक्रम राबविला, त्यातील पाठ कथा, चित्रे व नकाशे यांच्या आधारे प्रश्न उपस्थित करीत. विद्यार्थ्याने ते आपल्या अनुभवाशी ताडून पाहावेत, अशी अपेक्षा असे. परंतु वर्षअखेरीस पाठांतरच तपासले जाणार असेल, तर प्रशिक्षित शिक्षकही—आणि त्यात त्याचा दोष तो काय?—तयार उत्तरे फळ्यावर लिहून देणार. म्हणूनच येथे शिक्षक-प्रशिक्षणाच्या जोडीला पुस्तक समोर ठेवून परीक्षा देण्याची पद्धती स्वीकारण्यात आली. २००२ साली राज्यशासनाने हा उपक्रम बंद केला. शिक्षकांपाशी प्रशिक्षण उरले, परीक्षा मात्र पूर्ववत् झाली.