ऐकलेल्या सुरांची वही

व्यापारी घरात हिशेबाच्या वह्या जिवापाड जपल्या जातात. दिवाळीला वहीपूजन होते, रोजकीर्द आणि खतावणी ताळून पाहिली जाते, जुन्या वह्याही लगेच रद्दीत जात नाहीत. परंतु याच घरांत एक संचित असे आहे की ज्याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. ते म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांनी प्रत्यक्ष समोर बसून ऐकलेले गाणे. कोणी भीमसेनजींना ऐकलेले असते, कोणी वसंतरावांना, तर कोणी चातुर्मासातील एखाद्या अनाम भक्तिगायकाला. ही आठवण ते आवडीने सांगतात, आपणही आवडीने ऐकतो. लिहून मात्र कोणी ठेवत नाही.

पांढरकवडा हे कापसाचे गाव. नागपूर-हैदराबाद महामार्गावर वसलेले, नागपूरपासून सुमारे १५० आणि यवतमाळपासून सुमारे ७० किलोमीटर अंतरावर. मोठमोठ्या संगीत महोत्सवांची केंद्रे येथून दूर. त्यामुळे येथील रसिकाला एक तर गाण्याकडे जावे लागे, किंवा गाणे गावात येण्याची वाट पाहावी लागे. या दोन्ही वाटांवरच्या आठवणी जपण्यासारख्या आहेत.

रात्रभराची बैठक

गाण्याकडे जाण्याची सर्वांत लांबची वाट पुण्याची. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांचे १९५२ मध्ये निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. या महोत्सवाच्या आठवणी सांगणारे महाराष्ट्रभर भेटतात आणि त्यांत एक साम्य असते. रागाचे नाव कदाचित विसरलेले असते. पण डिसेंबरची थंडी, अंगावरची शाल, पहाटेचा प्रहर, शेजारी बसलेला अनोळखी श्रोता आणि समेवर एकदमच डोलणाऱ्या हजारो माना, हे सारे आठवते. सांगतेला सवाई गंधर्वांच्या भैरवीचे ध्वनिमुद्रण वाजे आणि मंडपात निःशब्द शांतता पसरे. गुरू गेल्यावर त्याच्याच आवाजाने उत्सव पूर्ण करावा, ही कृतज्ञतेची रीत जैन वाचकाला परकी वाटणार नाही.

आपल्यातील श्रोत्याला हा योग सहज येत नसे. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे कापसाचा भर हंगाम. गाड्या बाजारात उभ्या असताना दुकान सोडणार कसे? शिवाय चौविहाराचे पच्चक्खाण असलेल्याने रात्रभर गाणे ऐकावे आणि पाण्याचा घोटही घेऊ नये, हे तपच म्हणायचे. तरीही ज्यांनी ते केले, त्यांची आठवण आयुष्यभर पुरली.

आज तशी रात्र अनुभवता येत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई केली. ठरावीक दिवशीच मध्यरात्रीपर्यंतची सवलत मिळते. रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. पण त्यामुळे खुल्या मंडपात उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकलेली पिढी हीच शेवटची ठरण्याची शक्यता आहे.

नागपूर आणि यवतमाळ

जवळची वाट नागपूरची. तेथील वसंतराव देशपांडे सभागृहाला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. वसंतराव १९२० साली आपल्याच वऱ्हाडात, मूर्तिजापूरला जन्मले. गाण्याबरोबर त्यांनी अनेक वर्षे लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी केली. दिवसा आकडे आणि रात्री सूर, हा मेळ व्यापारी माणसाला सहज समजेल. १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात त्यांनी साकारलेला खाँसाहेब ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला, त्यांचे वर्णन आजही त्याच एका भूमिकेभोवती फिरते.

यवतमाळला तर आपल्या समाजाशी थेट जोडलेली परंपरा आहे. बाभूळगावात जन्मलेले स्वातंत्र्यसैनिक आणि ‘लोकमत’चे संस्थापक संपादक जवाहरलालजी दर्डा यांचे २५ नोव्हेंबर १९९७ रोजी निधन झाले. त्यांच्या पुण्यतिथीला यवतमाळच्या प्रेरणास्थळावर संगीताने आदरांजली वाहण्याचा प्रघात पडला. स्मृतिदिनी भाषणांऐवजी सूर ऐकावेत, यात एक वेगळेच गांभीर्य आहे.

आणि एक आठवण न झालेल्या मैफलीची. संगीतकार रवीन्द्र जैन १९४४ मध्ये अलीगढला जन्मले. जन्मतः दृष्टी नव्हती. बालपणापासून ते मंदिरांत भजने गात. चित्रपट आणि ‘रामायण’ मालिकेमुळे ते घराघरांत पोहोचले, तरी जैन भक्तिगीतांशी त्यांचे नाते तुटले नाही. २०१५ मध्ये एका कार्यक्रमासाठी ते नागपूरला आले असता त्यांची प्रकृती बिघडली. त्यांना मुंबईला हलविण्यात आले आणि ९ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. विदर्भातील रसिकांच्या वाट्याला ते गाणे आलेच नाही. ‘पुढच्या वेळी जाऊ’ असे म्हणणाऱ्याला याहून स्पष्ट उत्तर नाही.

चातुर्मासातील भावना

दुसरी वाट गाणे गावात येण्याची. पावसाळ्यात कापसाचा बाजार थंडावतो आणि त्याच वेळी चातुर्मास सुरू होतो. म्हणून व्यापारी कुटुंबांची खरी मैफल चातुर्मासातच भरे. सायंकाळच्या प्रतिक्रमणानंतर मंदिरात हार्मोनियम, ढोलक आणि मंजिऱ्यांच्या साथीने भावना चाले. स्थानकात वाद्य नसे. तेथे साध्या कंठाने, सर्वांनी मिळून स्तवन म्हटले जाई. तिकीट नाही, मंच नाही आणि गाणारा-ऐकणारा हा भेदही नाही.

जैन परंपरेने संगीताला कधी दुय्यम मानले नाही. आचार्य पार्श्वदेवांचा ‘संगीतसमयसार’ आणि सुधाकलशांचा १३५० सालचा ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ हे संगीतशास्त्राचे मान्य ग्रंथ आहेत. आपल्या कवींनी तर आणखी एक दूरदृष्टी दाखविली. जुन्या गुजराती-राजस्थानी स्तवनांच्या आणि रासांच्या आरंभी ‘देशी’ नोंदविलेली असते, म्हणजे अमुक लोकगीताच्या चालीवर ही रचना म्हणावी असा निर्देश. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गुर्जर कविओ’ या ग्रंथात अशा देशींची दीर्घ सूची दिली आहे.

यातून दोन गोष्टी उमगतात. पहिली ही की, चित्रपटगीताच्या चालीवर स्तवन म्हणणाऱ्या तरुणांवर फार रागावण्याचे कारण नाही. लोकांच्या ओठांवरची चाल भक्तीला देणे ही जुनीच रीत आहे. दुसरी गोष्ट मात्र मन अस्वस्थ करणारी आहे. स्तवनाचे शब्द पोथीत सुरक्षित राहिले, देशीचे नावही राहिले. पण ज्या लोकगीताची ती चाल, ते गीत विस्मरणात गेले की शब्द मुके होतात. चाल कागदावर नव्हती. ती समोर बसून ऐकणाऱ्याच्या कानात होती आणि त्याच्याबरोबरच गेली.

आपल्या आजीला येणारे स्तवन आज नेमके याच उंबरठ्यावर उभे आहे.

एवढे करू या

यंदाच्या चातुर्मासात प्रत्येक घराने एक छोटी वही घालावी. घरातील ज्येष्ठांजवळ बसून विचारावे: तुम्ही समोर बसून ऐकलेले सर्वांत आवडते गाणे कोणते? कोणाचे, कोणत्या गावी, सोबत कोण होते, परतताना काय बोलणे झाले? साल नक्की आठवत नसेल, तर कोणत्या महाराजसाहेबांचा चातुर्मास होता एवढे लिहावे. स्तवन असेल तर ते त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच चालीत मोबाईलवर मुद्रित करावे आणि वहीत तशी नोंद करावी. आवाज थरथरला तरी चालेल, चाल तर राहील.

आणि पुढच्या भावनेला जाल तेव्हा मुद्रण एकानेच करावे, इतरांनी ऐकावे. पडद्याआडून पाहिलेल्या कार्यक्रमाची आठवण मुलांना सांगता येत नाही.

दिवाळीला वहीपूजनाच्या पाटावर हिशेबाच्या वह्यांशेजारी ही वहीही ठेवावी. तिच्यात जमा होईल ते पुढच्या पिढीचे मुद्दल आहे.

जय जिनेन्द्र!