धुके आणि न दिसणारा प्रकाश

पावसाळ्यात घाटात धुके उतरते. दहा पावलांवरची बैलगाडी दिसत नाही. मोटारीचा दिवा मोठा केला, तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. असे का होते?

धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. मुलांच्या पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा असतात. एका मिलिमीटरचे १०० भाग करा. त्यांतल्या एका भागाएवढा साधारण एक थेंब. दिव्याचा प्रकाश असल्या असंख्य थेंबांवर आपटतो, चहूकडे विखुरतो. थोडा उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. तीच ती पांढरी भिंत.

दुसराही एक प्रकाश आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. चुलीतला विस्तव राखेने झाकला, तरी तळहाताला धग लागते ना? ती धग आणणारे हे किरण. त्यांना अवरक्त किरण किंवा इन्फ्रारेड म्हणतात. १८०० साली इंग्लंडात विल्यम हर्शेल यांनी ते शोधून काढले. त्यांनी उन्हाचे रंग वेगळे केले आणि रंगारंगात उष्णतामापक ठेवला. तांबड्या रंगाच्या बाहेर काहीच दिसत नव्हते. पण उष्णता तिथेच जास्त भरली! आज टीव्हीचा रिमोट याच किरणांवर चालतो.

आम्हांला लोक विचारतात, "हे किरण धुक्यातून पार जातात का हो?"

तळ्याकडे पाहा. लाट लव्हाळ्याच्या काडीला अडत नाही. खडकावर मात्र फुटते. प्रकाशही लाटांनी चालतो. धुराचे कण या किरणांच्या लाटेपुढे काडीसारखे. म्हणून बंबवाले अवरक्त कॅमेऱ्याने धुरात सापडलेला माणूस शोधू शकतात. विरळ धुक्यातही त्याचा थोडा उपयोग होतो. पण दाट धुक्याचे थेंब लाटेच्याच मापाचे, कधी तिच्याहून मोठे. ते खडकासारखे आडवे येतात. तिथे हे किरणही विखुरतात, काही पाण्यात जिरतात. रडारच्या लाटा याहून कितीतरी लांब, काही सेंटिमीटरच्या. त्या धुक्यातून पार होतात. म्हणून जहाजावर रडार ठेवतात.

तेव्हा "हा कॅमेरा लावा, धुके विसरा," असे कोणी म्हटले, तर भुलू नये. घाटात दिवा खाली करावा. वेग कमी ठेवावा. बैलगाडीच्या मागे चमकणारी पट्टी लावावी. वाटेत गाडी उभी करू नये. घरी पोचायला उशीर झाला तर होऊ द्या. घरची माणसे वाट पाहतात ती आपली, वेळेची नव्हे.