तंजावरची मराठी

नेरूळहून तंजावरला निघालो तेव्हा भाषेचीच धास्ती होती. पाट्या तमिळ, जेवण केळीच्या पानावर, बृहदीश्वराचं मंदिर १०१० सालचं, चोळांचं. म्हणजे आपण पुरते परके! पण त्याच मंदिराच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात इथं भोसल्यांची गादी स्थापली. ती १८५५ पर्यंत चालली. याच घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास दगडात कोरवून घेतला.

इथल्या काही घरांत आजही मराठी बोलतात. आपल्याला ती चटकन उमगत नाही. हेल तमिळ, शब्द कधी फार जुने. एक आजी माझ्याशी तासभर भरभरून बोलल्या. मी पत्ता मागितला, तर त्यांनी मराठी वाक्य तमिळ अक्षरांत लिहून दिलं. शाळेत मराठी नव्हतीच, म्हणाल्या. जवळच सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा मोठा साठा आहे. तो आजींना वाचता येत नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

नेरूळला आमच्या शेजारचं कुटुंब तमिळ. मुलं आईशी फडाफडा तमिळ बोलतात, आणि गावाकडून आजीचं पत्र आलं की ते अप्पांकडून वाचून घेतात.