काट्याला आला ताप

गेल्या मे महिन्यात अकोल्याला भाचीच्या मुलाची मुंज होती. अमरावतीहून अकोला शंभरेक किलोमीटर. रस्ता तर असा, की २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर एका मार्गिकेत ७५ किलोमीटर डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनीज बुकात नोंद झाली! तेव्हा वडिलांची जुनी गाडी काढायला हरकत कसली? आईचाही तोच हट्ट.

बडनेरा मागे पडले आणि पाण्याच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. थांबलो. गाडी निवू दिली. पुन्हा निघालो, पुन्हा थांबलो. असे तीन वेळा! वाफ कुठेच दिसत नव्हती, पण माझा विश्वास डोळ्यांपेक्षा काट्यावर अधिक. पंच्याऐंशी वर्षांची आई ओल्या पदराने तोंड पुसत गप्प बसली होती. मूर्तिजापूरच्या पुढे गाडी खोकली आणि बंदच पडली. "गेले इंजिन!" मी म्हणालो.

एक ट्रकवाला थांबला. त्याने टाकीचे झाकण काढले, गाडी हलवून कान लावला आणि हसला. "साहेब, गाडी तापली नाही जी, उपाशी आहे थे!"

पेट्रोलचा काटा पाव टाकी दाखवीत होता. आम्ही पोहोचलो तेव्हा मुहूर्त टळून पंगत उठत होती.

परतल्यावर मिस्त्रींनी हेड उघडायचा सल्ला दिला, चिरंजीवांनी भंगाराचा. मला मात्र दोन काटे एकाच दिशेने खोटे बोलतात, हे खटकत होते. शेजारी विज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक राहतात. ते म्हणाले, "आधी पाण्याला विचारा."

सौ.ने ताप मोजायची नळी पुढे केली. ती ४२ अंशांवर संपते! शेवटी प्राध्यापकांनी ११० अंशांची काचेची नळी आणली. उकळत्या पाण्यात ती जेमतेम ९९ दाखवू लागली, तेव्हा मी तिलाही खोटी ठरवून मोकळा झालो. "अहो, अमरावती समुद्रापासून सुमारे ३४० मीटर उंच. इथे पाणी ९९ लाच उकळते," ते म्हणाले.

मग थंड इंजिनातले थोडे पाणी काढून त्याच्या अंगातला तापमानाचा खुंटा सोडवला. याच्यातून जाणारी वीज उष्णतेप्रमाणे कमी-जास्त होते आणि काटा हलतो. तो इंजिनाच्या लोखंडातूनच अर्थ घेतो, म्हणून बाहेर काढल्यावर त्याच्या पितळी अंगाला वेगळी तार जोडून ती गाडीच्या सांगाड्याला लावली. स्वयंपाकघरातले तपेले बॉनेटशेजारी आले. किल्ली फिरवली, इंजिन मात्र सुरू केले नाही. हा काटा आळशी असतो. प्रत्येक खेपेस दोन-तीन मिनिटे थांबावे लागते.

पाणी ८० अंशांवर होते आणि काटा लाल रेघेवर! इंजिनाच्या दृष्टीने ८० म्हणजे निरोगी प्रकृती.

आता दोन्ही काट्यांचा समाईक नातेवाईक कोण? डॅशबोर्डमागे एक लहानशी डबी असते. बॅटरीचे बारा व्होल्ट ती सरासरी दहावर आणून दोन्ही मीटरना पुरवते. तिच्या आतली पट्टी तापून वाकते, जोड तुटतो, निवली की पुन्हा जुळतो. पण पट्टी तापायला डबीला अर्थ हवा. आमच्या डबीचा स्क्रू गंजला होता. जोड तुटतच नव्हता, पुरते बारा व्होल्ट मीटरना जात होते आणि दोन्ही काटे फुगवून सांगत होते. पॉलिशपेपरने गंज घासला, स्क्रू आवळला. त्याच तपेल्यात, त्याच ८० अंशांवर काटा शहाण्यासारखा मध्यावर आला. ९० ला थोडा वर. काचेच्या कडेवर मी पेन्सिलीने बारीक खुणा करून ठेवल्या आहेत.

दिवाळीला त्याच गाडीने अकोल्याला जायचे ठरले आहे. आईने विचारले, "पेट्रोल भरलंस का रे?" ते तपेले सौ.ने दुधासाठी परत घेतलेले नाही. ते गाडीच्या डिकीत आहे.